ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेआधी भीती कमी करणारे औषध: सर्वांनाच द्यावे का, आणि कोणते?

प्रश्न | तालुक्यातील भूलतज्ज्ञ

सर्व ज्येष्ठांना नमस्कार. पदव्युत्तर शिक्षण संपवून मी दीड वर्षापूर्वी एका तालुक्याच्या ठिकाणी भूलतज्ज्ञ म्हणून काम सुरू केले. चार-पाच खाजगी रुग्णालयांत मला बोलावले जाते. त्यांपैकी बहुतेक ठिकाणी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी द्यायच्या औषधांचा एक छापील कागद वर्षानुवर्षे चालत आलेला आहे. रुग्णाचे वय, वजन, आजार काहीही असो, त्या कागदावर रात्री दहा वाजता अल्प्राझोलाम (भीती कमी करणारी, गुंगी आणणारी गोळी) ०.५ मिलिग्रॅम आणि सकाळी सहा वाजता घोटभर पाण्याबरोबर ०.२५ मिलिग्रॅम असे लिहिलेले असते. मी नवीन असल्यामुळे सुरुवातीला त्यात हात घातला नाही.

तीन महिन्यांपूर्वी बहात्तर वर्षांच्या एका आजींची उजव्या गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया होती. सकाळी नऊ वाजता त्यांना आत आणले तेव्हा त्या पेंगत होत्या. सिस्टरांनी नियमाप्रमाणे नाव आणि कोणता गुडघा ते विचारले, तर आजींनी नाव बरोबर सांगितले आणि डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. उजव्या मांडीवर शल्यविशारदांनी शाईने केलेली खूण होती आणि एक्स-रेही समोर लावलेला होता, म्हणून गोंधळ तिथेच थांबला. मणक्यात भूल देण्यासाठी त्यांना बसवले, पण "पाठ बाहेर काढा, हनुवटी छातीला लावा" हे सांगणे त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते. दोघांनी धरून ठेवल्यावर तिसऱ्या प्रयत्नात सुई लागली. त्या रात्री त्यांनी सलाईन ओढून काढले आणि शेजारी बसलेल्या मुलाला त्या आपल्या वारलेल्या भावाच्या नावाने हाका मारत होत्या. दोन दिवसांनी त्या पूर्ववत झाल्या, परंतु मुलाचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

त्यानंतर मी सर्वांचीच गोळी बंद केली. पुढच्याच पंधरवड्यात एक्केचाळीस वर्षांच्या एक बाई गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी आल्या. त्यांचे सर्व तपास उत्तम होते आणि मी त्यांना काहीही दिले नाही. शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी त्यांची नाडी १३० झाली, हातपाय थरथरू लागले, आणि "मला घरी जायचे आहे" असे म्हणून त्या स्ट्रेचरवरून उतरल्या. शस्त्रक्रिया रद्द करावी लागली. त्यांची थोरली बहीण काही वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच दगावली होती, हे मला त्यानंतर कळले.

एका रुग्णाला औषध देऊन त्रास झाला आणि दुसऱ्या रुग्णाला न देऊन. म्हणून विचारतो, आपण हे औषध कोणाला देता, कोणाला देत नाही, आणि दिलेच तर त्याची निवड कशावरून करता?

उत्तर १ | निवृत्त प्राध्यापक, भूलशास्त्र

प्रश्न मनापासून विचारला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

शस्त्रक्रियेआधी औषध देण्याची प्रथा कशासाठी सुरू झाली, हे प्रथम ध्यानात घ्यायला हवे. ईथर देण्याच्या काळात रुग्ण झोपी जायला बराच वेळ लागे, तोंडात लाळ भरपूर सुटे आणि त्या मधल्या अवस्थेत रुग्ण हातपाय झाडीत असे. लाळ आटवण्यासाठी अट्रोपीन आणि गुंगीसाठी मॉर्फीन किंवा पेथिडीन देण्याला त्या वेळी सबळ कारण होते. आम्ही शिकत होतो तेव्हा पेथिडीन, फेनरगन आणि अट्रोपीन हे त्रिकूट प्रत्येक रुग्णाच्या दंडात टोचले जाई. आज शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाने अर्ध्या मिनिटात झोप लागते, लाळेचा प्रश्न जवळजवळ उरलेला नाही, आणि तरी छापील कागद मात्र मागे राहिला आहे. त्या कागदावरची ओळ नेमके कोणते काम करण्यासाठी आहे, असे कोणत्याही रुग्णालयात विचारून पाहावे. कोणी रात्रीच्या झोपेसाठी सांगेल, कोणी भीतीसाठी, कोणी आठवण राहू नये म्हणून. ही तीन निरनिराळी कामे आहेत आणि एका गोळीकडून तिन्हींची अपेक्षा ठेवली की मात्रा वाढत जाते.

आपल्या आजींच्या बाबतीत काय घडले असावे, ते औषधाच्या हिशोबातूनच दिसते. अल्प्राझोलाम शरीरात निम्मे होण्यास निरोगी प्रौढात साधारण ११ तास लागतात आणि वृद्धांत सुमारे १६ तास. म्हणजे रात्री दहाच्या ०.५ मिलिग्रॅमपैकी निम्म्याहून अधिक भाग सकाळी नऊ वाजता त्यांच्या रक्तात होता. त्यावर सकाळी सहाची गोळी, जिचा परिणाम एक ते दोन तासांत शिगेला पोचतो, ती जवळजवळ पूर्ण शिल्लक होती. त्यांना एका वेळी दोन्ही गोळ्या दिल्यासारखीच ही अवस्था झाली. अमेरिकेतील वृद्धोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची जी बिअर्स निकष म्हणून ओळखली जाणारी यादी आहे, तीत बेंझोडायझेपीन गटातील औषधे (अल्प्राझोलाम, लोराझेपाम, मिडाझोलाम ही याच गटातली) ज्येष्ठांना शक्यतो देऊ नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. युरोपीय भूलशास्त्र संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनीही शस्त्रक्रियेनंतरची संभ्रमावस्था टाळण्यासाठी ही औषधे सरसकट देऊ नयेत, तीव्र भीती असलेल्या रुग्णांपुरती ठेवावीत, असे सांगितले आहे.

आता तरुण रुग्णांविषयी. फ्रान्समधील पाच शिक्षण रुग्णालयांत सत्तर वर्षांखालील हजाराहून अधिक रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला लोराझेपाम २.५ मिलिग्रॅम, दुसऱ्याला तशीच दिसणारी औषधरहित गोळी आणि तिसऱ्याला काहीच दिले नाही. दुसऱ्या दिवशी रुग्णांचे समाधान मोजले, तर लोराझेपामने ते वाढलेले नव्हते. श्वासनलिकेतील नळी काढण्यास मात्र लोराझेपामच्या गटात १७ मिनिटे लागली आणि इतर दोन गटांत १२ व १३ मिनिटे. शस्त्रक्रियेनंतर ४० मिनिटांनी ज्यांचे भान नीट परतले होते, त्यांचे प्रमाण लोराझेपामच्या गटात ५१ टक्के होते आणि औषधरहित गोळीच्या गटात ७१ टक्के. पुढे २०२४ साली जर्मनीतील अभ्यासात ६५ ते ८० वयाच्या रुग्णांना तोंडावाटे ३.७५ मिलिग्रॅम मिडाझोलाम देऊन पाहिले गेले. तिथेही समाधानात फरक पडला नाही.

मला स्वतःला सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो तो बोस्टनमधील १९६३ सालचा एक जुना अभ्यास. काही रुग्णांना भूलतज्ज्ञाने आदल्या दिवशी भेटून पाच-दहा मिनिटे बोलून सर्व समजावले आणि काहींना शस्त्रक्रियेआधी तासभर पेंटोबार्बिटालचे इंजेक्शन दिले. इंजेक्शन घेतलेले रुग्ण पेंगुळलेले होते, पण शांत झाले होते असे दिसून आले नाही. ज्यांची भेट घेतली होती ते शांत होते. पेंगणे आणि निर्धास्त असणे यांतला हा फरक मी माझ्या विद्यार्थ्यांना पंचवीस वर्षे सांगत आलो आहे.

आपल्या दुसऱ्या रुग्णाला बहुधा गोळीचीही गरज होती. परंतु त्याआधी, "तुमच्या घरात कोणाला भूल देताना काही झाले होते का?" या एका प्रश्नाची गरज होती. हा प्रश्न आपण घातक उच्चताप (भुलीच्या काही औषधांनी ताप एकाएकी जीवघेणा चढण्याचा आनुवंशिक दोष) किंवा स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाची बाधा शोधण्यासाठी विचारतो. भीतीचे मूळही पुष्कळदा त्याच प्रश्नाच्या उत्तरात सापडते.

उत्तर २ | पुणे, भूलतज्ज्ञ, बावीस वर्षे

सरांच्या म्हणण्याशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु एका गोष्टीविषयी सावध करावेसे वाटते. "अभ्यासात फायदा दिसला नाही" या वाक्यावरून काही तरुण सहकारी "म्हणून कोणालाच देऊ नये" या निष्कर्षाला येतात. फ्रान्सच्या अभ्यासात मोजले गेले ते दुसऱ्या दिवशीचे समाधान. दाराशी थरथरणाऱ्या बाईला त्या क्षणी काय वाटत होते, हे त्या मोजपट्टीने कळत नाही. शिवाय ज्या बाई स्ट्रेचरवरून उतरून घरी जातात, त्या अशा अभ्यासाच्या कोष्टकात येतच नाहीत. तरीही प्रामाणिकपणे हेही नमूद केले पाहिजे की त्याच अभ्यासात अधिक भीती असलेल्या रुग्णांचा वेगळा हिशोब केला, तेव्हा त्यांच्यातही समाधान ठळकपणे वाढलेले दिसले नाही.

संभ्रमावस्थेचा सारा दोष एका औषधावर टाकण्याबाबतही मी थोडा हात आखडता घेईन. कॅनडा आणि अमेरिकेतील २० रुग्णालयांत हृदयशस्त्रक्रियेच्या सुमारे २० हजार रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेदरम्यान बेंझोडायझेपीन शक्यतो न वापरण्याचे धोरण आणि ते मोकळेपणाने वापरण्याचे धोरण आलटून पालटून राबवले गेले. संभ्रमाचे प्रमाण अनुक्रमे १४ आणि १४.९ टक्के आले, म्हणजे फरक सिद्ध झाला नाही. यावरून आजींना अल्प्राझोलाम द्यावे असे मी मुळीच म्हणत नाही. वृद्धांच्या संभ्रमामागे वेदना, जागरण, काढून ठेवलेला चष्मा, शरीरातील पाणी कमी होणे, तुंबलेली लघवी हे सर्व असते, आणि गोळी बंद केल्याने आपले काम संपले असे समजू नये, एवढेच सांगायचे आहे.

माझी पद्धत सांगतो. आदल्या दिवशी गोळी मी जवळजवळ कोणालाच देत नाही. ज्यांना रात्री झोप न येण्याची चिंता असते त्यांना मेलाटोनिन (शरीरातील झोपेच्या संप्रेरकाची गोळी) ३ मिलिग्रॅम देतो. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात औषधरहित गोळीच्या तुलनेत मेलाटोनिनने शस्त्रक्रियेपूर्वीची भीती शंभरपैकी सुमारे १२ गुणांनी कमी केल्याचे आढळले. परिणाम मोठा नाही, पण सकाळची सुस्ती फारशी राहत नाही. खरोखर भ्यालेल्या प्रौढाला मी शस्त्रक्रियेच्या दिवशी, बाहेरच्या प्रतीक्षाकक्षात, शिरेत सुई लावून आणि बोटाला ऑक्सिमीटर अडकवून, मिडाझोलाम १ मिलिग्रॅम शिरेतून देतो, दोन-तीन मिनिटे थांबतो आणि लागले तरच आणखी १ मिलिग्रॅम देतो. साठीच्या पुढे ०.५ मिलिग्रॅमने सुरुवात करतो, आणि पंचाहत्तरीनंतर हात धरून बोलण्यावरच भिस्त ठेवतो. शिरेतून देण्याचा मोठा लाभ असा की परिणाम डोळ्यांसमोर दिसतो आणि तिथेच थांबता येते. वॉर्डात दिलेल्या गोळीवर आपली नजर नसते. आधीच्या रुग्णाला वेळ लागला की सकाळी सहाची गोळी घेतलेला माणूस दुपारी एकला आत येतो, तोवर गुंगी उतरून भीती पुन्हा वर आलेली असते.

आपण तालुक्यात बहुतेक शस्त्रक्रिया मणक्यातील भुलीखाली करत असाल. त्यात रुग्णाने बसून सहकार्य करणे आवश्यक असते, म्हणून औषध सुई लागल्यानंतर, रुग्ण आडवा झाल्यावर द्यावे. आधी फक्त बोलणे पुरते.

जाड मान, मोठे घोरणे आणि दिवसा डुलकी लागणे, अशा रुग्णांना मी गुंगीचे औषध देखरेखीशिवाय कधीच देत नाही. झोपेत श्वास अडकण्याचा आजार ओळखणारी स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची चाचणी दोन मिनिटांत होते, ती अवश्य करावी. बेंझोडायझेपीनच्या जोडीला ट्रमाडोल, फेंटानिल यांसारखे ओपिऑइड (अफूच्या वर्गातील वेदनाशामक) आले की श्वास मंदावण्याचा धोका वाढतो, आणि अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१६ साली या जोडीबद्दल सर्वोच्च दर्जाचा इशारा दिलेला आहे. अलीकडे "वेदनाही कमी, भीतीही कमी" म्हणून सर्वांना प्रीगाबालिन हे मज्जातंतूंच्या वेदनांवरील औषध देण्याची टूम निघाली आहे. त्याबद्दलही २०१९ साली श्वसनासंबंधीचा इशारा दिला गेला आहे, विशेषतः वृद्ध आणि फुप्फुसांचा आजार असलेल्यांसाठी. बेंझोडायझेपीनवरचा उतारा असलेले फ्लुमाझेनिल जवळ असावे, पण त्याचा परिणाम मिडाझोलामच्या आधी ओसरतो आणि रुग्ण पुन्हा पेंगू शकतो, त्यामुळे ते दिल्यावर नजर हटवू नये.

उत्तर ३ | बालभूलतज्ज्ञ

मूळ प्रश्नात मुलांचा उल्लेख नाही, परंतु तालुक्याच्या ठिकाणी टॉन्सिल, हर्निया आणि हाड बसवण्यासाठी लहान मुले आपल्याकडे येणारच, म्हणून थोडे लिहिते.

सहा महिन्यांखालील बाळ बहुधा अनोळखी हातात सहज जाते. खरा प्रश्न एक ते सहा वर्षांच्या मुलांचा. त्यांना समजावून पूर्ण पटत नाही आणि आईपासून दूर नेले की ती जिवाच्या आकांताने रडतात. पुष्कळ ठिकाणी अजून ट्रायक्लोफॉस या गुंगीच्या औषधाचे सरबत देतात. त्याचा परिणाम लांबतो आणि मूल शस्त्रक्रियेनंतरही दिवसभर मलूल राहते, म्हणून मी ते सोडून दिले. तोंडावाटे मिडाझोलाम किलोला ०.५ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १५ मिलिग्रॅम, आत नेण्यापूर्वी वीस ते तीस मिनिटे दिले की मूल शांत होते. पंधरा किलोच्या मुलाला ७.५ मिलिग्रॅम लागतात. सरबत मिळत नसेल तर इंजेक्शनचे औषध साखरेच्या पाण्यात मिसळून देण्याची पद्धत आहे. ते फार कडू असते आणि मूल थुंकते, मग नेमके किती पोटात गेले ते कळत नाही. एक इशारा आवर्जून देते. आपल्याकडे मिडाझोलाम १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम आणि १ मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम अशा दोन्ही तीव्रतांत मिळते. बाटली हातात घेऊन आकडा मोठ्याने वाचल्याशिवाय भरू नये, आणि तोंडाने द्यायच्या सिरिंजवर ठळक चिठ्ठी लावावी, म्हणजे ती चुकून शिरेत जाणार नाही.

डेक्समेडिटोमिडिन हे गुंगीचे औषध नाकातून देणे हा अलीकडचा चांगला पर्याय आहे. मात्रा किलोला १ ते २ मायक्रोग्रॅम. १ मिलिलिटरमध्ये १०० मायक्रोग्रॅम असलेल्या औषधाचे पंधरा किलोच्या मुलासाठी जेमतेम पाव मिलिलिटर होते, ते दोन्ही नाकपुड्यांत वाटून थेंबथेंब सोडावे. नाकातल्या मिडाझोलामसारखी त्याची जळजळ होत नाही. मात्र परिणाम यायला तीस ते पंचेचाळीस मिनिटे लागतात, नाडी मंदावते, आणि हलवले की मूल जागे होऊ शकते. घाईच्या यादीत ते जमत नाही. टॉन्सिल मोठे असून मूल झोपेत श्वास अडकवत असेल, तर मी कोणतेही औषध वॉर्डात देत नाही.

पालकांविषयी बोलायचे तर, १९९८ साली येल विद्यापीठातील अभ्यासात आई-वडिलांना केवळ सोबत आत नेण्यापेक्षा मिडाझोलामने मुलांची भीती अधिक कमी झाल्याचे दिसले होते. त्याच संशोधकांनी २००७ साली मात्र कुटुंबाची आधीपासून तयारी करून घेऊन पाहिले. चित्रफीत दाखवली, मास्क घरी नेऊन सराव करायला दिला, पालकांना मुलाचे लक्ष कसे वळवावे ते शिकवले. त्या गटातील मुले भूल देताना मिडाझोलाम घेतलेल्या मुलांइतकीच शांत होती आणि जागे होताना त्यांचा आकांत कमी होता. मी आदल्या दिवशी एक स्वच्छ मास्क मुलाच्या हातात देते. मूल त्यावर चित्र चिकटवते, बाहुलीला लावते, रात्री उशाशी घेऊन झोपते. सकाळी तोच मास्क घेऊन ते आत येते.

तोंडावाटे औषध देताना उपाशी ठेवण्याच्या वेळाही पाहाव्यात. स्वच्छ पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, आणि युरोपातील सूचना मुलांसाठी एक तासापर्यंत शिथिल झाल्या आहेत. रात्री बारापासून कोरडे ठेवलेले मूल भुकेने आणि तहानेने रडत असते, आणि आपण त्याला भीती समजून गुंगी देतो.

उत्तर ४ | शल्यवॉर्डातील सिस्टर

मी डॉक्टर नाही, परंतु गेली एकोणीस वर्षे शल्यवॉर्डात रात्रपाळी करते आहे आणि ही गोळी प्रत्यक्ष हातात देणारी मीच असते, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

सर्वांत आधी संमतीपत्राविषयी. सकाळी सहाची गोळी दिल्यानंतर आठ वाजता सही घेण्याची वेळ आमच्यावर अनेकदा येते, कारण आदल्या दिवशी नातेवाईक हजर नसतात किंवा डॉक्टर उशिरा येतात. गुंगीत केलेल्या सहीला काय अर्थ आहे? मी आता सही झालेली पाहिल्याशिवाय गोळी देत नाही, आणि आपण सर्वांनी आपापल्या वॉर्डात हा क्रम सक्तीचा करावा अशी विनंती आहे. आजींनी चुकीचा गुडघा दाखवला हे वाचून मला त्याच कारणाने काळजी वाटली. दाराशी नाव, शस्त्रक्रिया आणि बाजू रुग्णाच्या तोंडून वदवून घेणे ही जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासणीसूचीतली पहिली पायरी आहे, आणि पेंगणारा माणूस ती पार पाडू शकत नाही.

दुसरी गोष्ट नेहमीच्या गोळ्यांची. "रात्री बारानंतर उपाशी" असे लिहिले की नातेवाईक सगळ्याच गोळ्या बंद करतात. ज्यांना मनोविकारतज्ज्ञांनी वर्षानुवर्षे क्लोनाझेपाम किंवा नैराश्यावरील गोळी चालू ठेवली आहे, त्यांचीही गोळी चुकते आणि सकाळी रुग्ण बेचैन, घामाघूम होतो. मग त्याला नवीन गुंगीचे औषध दिले जाते. खरे तर त्याची नेहमीचीच गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायला हवी असते. कोणती गोळी चालू ठेवायची, ते नाव लिहून सांगितले तर आमचा गोंधळ होत नाही. रोज दारू घेणाऱ्या रुग्णांबद्दलही आम्हांला आधी सांगावे. दारू अचानक बंद झाल्यामुळे दोन-तीन दिवसांत त्यांचे हात थरथरू लागतात आणि सर्वजण ते भुलीवर ढकलतात.

बायकांच्या भीतीविषयीही लिहिते. बांगड्या, जोडवी आणि मंगळसूत्र काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालायला सांगितले की कित्येक जणींचा धीर तिथेच सुटतो. त्यांच्या दृष्टीने तो अपशकुन असतो. पूर्वी मी नियम म्हणून काढायला लावत असे. आता भूलतज्ज्ञ मॅडमना विचारून, शस्त्रक्रियेच्या आड येत नसेल आणि विजेच्या उपकरणाचा धोका नसेल तर काळ्या मण्यांची साधी पोत तेवढी चिकटपट्टीखाली राहू देते, आणि काढावीच लागली तर ती पिशवी त्यांच्यादेखत नवऱ्याच्या हातात ठेवून "शुद्धीवर आल्या की हेच प्रथम घालायचे" असे सांगते. आजी-आजोबांचा चष्मा आणि कानाचे यंत्र मी दारापर्यंत ठेवते आणि बाहेर आल्याबरोबर परत लावते. ज्या माणसाला दिसत नाही आणि ऐकू येत नाही, तो घाबरणारच.

रुग्ण आम्हांला रात्री जे प्रश्न विचारतात ते डॉक्टरांना विचारत नाहीत. "मधेच जाग आली तर?" "पाठीत सुई टोचली की जन्माची पाठदुखी लागते म्हणतात, खरे का?" या दोन प्रश्नांची उत्तरे आपण आदल्या दिवशी स्वतःहून दिलीत, तर आमच्याकडे गोळी मागणारे निम्मे कमी होतील असे माझे मत आहे.

उत्तर ५ | निवृत्त प्राध्यापक, भूलशास्त्र

सिस्टरांनी लिहिलेले आम्ही सर्वांनी छापून लावावे असे आहे. पाठदुखीच्या प्रश्नाचे उत्तर इथेच देऊन ठेवतो. मणक्यातील भुलीची सुई अगदी बारीक असते, टोचल्या जागी काही दिवस दुखू शकते, परंतु तिच्यामुळे कायमची पाठदुखी जडते असे अभ्यासांत आढळलेले नाही. बाळंतपणानंतर किंवा तासन्‌तास एका अवस्थेत पडून राहिल्यामुळे दुखणारी पाठ सुईच्या नावावर खपते.

भीती मोजण्याचे एक सोपे साधनही सुचवतो. ॲम्स्टरडॅममध्ये तयार झालेली सहा वाक्यांची एक प्रश्नावली १९९६ पासून वापरात आहे. भुलीची काळजी वाटते का, भुलीचा विचार सतत मनात येतो का, तसेच शस्त्रक्रियेची काळजी वाटते का, तिचा विचार सतत येतो का, ही चार वाक्ये भीतीची. भुलीबद्दल आणि शस्त्रक्रियेबद्दल अधिक माहिती हवी आहे का, ही दोन वाक्ये माहितीची. प्रत्येकाला एक ते पाच गुण. भीतीच्या चार वाक्यांची बेरीज ११ किंवा अधिक आली तर रुग्णाकडे विशेष लक्ष द्यावे. माहितीचे गुण जास्त असणाऱ्याला समजावून सांगितले की तो सावरतो. काही रुग्णांना मात्र भीती भरपूर असते आणि ऐकायचे काहीच नसते. त्यांना तपशील सांगत बसू नये. औषधाचा खरा उपयोग याच रुग्णांना होतो.

प्रश्नकर्ता | तालुक्यातील भूलतज्ज्ञ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या उत्तरांनंतर मी एका रुग्णालयापुरता छापील कागद बदलून घेतला आहे. अल्प्राझोलामची ओळ काढून तिथे रिकामी जागा ठेवली आणि "भूलतज्ज्ञाने रुग्णाला भेटून लिहावे" असे छापून घेतले. त्याखाली संमतीपत्राची सही झाल्याची खूण, चालू ठेवायच्या नेहमीच्या गोळ्यांची नावे, आणि घरात कोणाला भूल देताना काही झाले होते का हा प्रश्न, अशा तीन ओळी आहेत. दोन शल्यविशारदांनी "वेळ कोणाला आहे?" असे विचारले. मी आदल्या दिवशी सायंकाळी येऊ शकत नाही तेव्हा रुग्णाशी दूरध्वनीवर बोलतो, आणि तेही सहा-सात मिनिटांत होते.

त्या बाई गेल्या आठवड्यात परत आल्या. सहा वाक्यांच्या प्रश्नावलीची गरजच पडली नाही. त्यांनी बहिणीची सारी हकीकत सांगितली, तिला तातडीने नेले होते, हृदयाचा झडपेचा आजार आधीपासून होता, हे मला त्यांच्याच बोलण्यातून कळले. मी त्यांचा स्वतःचा हृदयाचा आलेख त्यांच्यासमोर धरून दाखवला. रात्री मेलाटोनिन दिले. सकाळी बाहेरच्या खोलीत शिरेत सुई लावून, बोटाला ऑक्सिमीटर लावून मिडाझोलाम १ मिलिग्रॅम दिले, आणि दुसऱ्या मिलिग्रॅमची वेळ आली नाही. नाडी ९२ होती. पोत चिकटपट्टीखाली होती. मणक्यात सुई देताना त्यांनी स्वतः पाठ वाकवली.

आजींचा डावा गुडघा दिवाळीनंतर करायचा आहे. त्यांना रात्री किंवा सकाळी काहीही देणार नाही, चष्मा शस्त्रक्रियागृहात सोबत ठेवणार आहे, आणि जागे होताना मुलाला शेजारी बसू द्यावे म्हणून शल्यविशारदांची परवानगी आजच घेतली आहे.